पट्टी शेवटपर्यंत भरायची

“अहो, झालं का? कुकर लावू का?” कुमुदने दाराबाहेरून विचारलं.

मी डोक्यावरून दोन गोधड्या पांघरून बसलो होतो. मांडीवर उघडं पुस्तक, एका हातात टॉर्च आणि कानांवर हेडफोन. त्याच्या दांडीचा माइक ओठांपाशी आणलेला. वायर गोधडीखालून निघून टेबलावरच्या संगणकाला जोडलेली. मार्च महिन्यातली मिरजेची दुपार होती. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता.

“अर्धं पान राहिलंय,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं की हे वाक्यही आत नोंदलं गेलं.

“गोधडीतून काय पुटपुटताय? काही ऐकू येत नाही!”

मी गोधडी बाजूला केली. आता सगळं प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचायला लागणार होतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन मी घरी बसलो होतो. ग्रंथपालाचं काम हळू बोलण्याचं, आणि मी मुळातच हळू बोलणारा, त्यामुळे ती नोकरी मला मानवली. घरात मोठ्याने बोलायचं काम कुमुदकडे. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिच्या वर्गातले पाढे रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जातात, असं गिरणीवालाच सांगायचा.

निलोफर मुजावर ही ग्रंथालयातली माझी जुनी वाचक. संगणकाचं शिक्षण घेऊन ती सांगलीत नोकरी करत होती, आणि उरलेल्या वेळात ‘बोलकं पान’ नावाची एक लहानशी संस्था चालवत होती. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी लोक घरी बसून पुस्तकं मोठ्याने वाचायचे, रेकॉर्ड करायचे आणि ती फाईल संस्थेच्या वेबसाइटवर पाठवायचे. ती वेबसाइट निलोफरने स्वतः तयार केली होती. एका रविवारी ती हेडफोनचं खोकं घेऊन आमच्या घरी आली.

“सर, ते तलावांचं पुस्तक तुमच्याकडंच असणार,” आल्या आल्या ती म्हणाली.

होतं. दख्खनमधल्या जुन्या तलावांचा आणि बंधाऱ्यांचा इतिहास. एकच आवृत्ती निघाली, लेखक वारले, पुढे प्रकाशनही बंद पडलं. ग्रंथालयाने रद्दीत काढलेली प्रत मी घरी आणून तिला नवी बांधणी केली होती.

“सारिका ऐवळे म्हणून एक मुलगी आहे. जतकडची. इतिहासात एम.ए. करतीय. तिच्या पेपराला नेमकं हेच पुस्तक लावलंय.”

“जे बाजारात मिळत नाही तेच अभ्यासाला लावायची पद्धत जुनी आहे,” मी म्हणालो.

“एप्रिलच्या शेवटी परीक्षा आहे. तिला दिसत नाही, आणि हॉस्टेलवर एवढं जाड पुस्तक वाचून दाखवायला कुणाला वेळ आहे? सर, तुम्हीच वाचा.”

“मी? पण माझा आवाज...”

“काय झालं तुमच्या आवाजाला?”

“झालं काही नाही. पहिल्यापासून असाच आहे.”

“आण इकडे, मी वाचते,” कुमुद म्हणाली.

“काकू, तुम्ही वाचलंत तर माइक फुटेल,” निलोफर म्हणाली, आणि दोघी हसल्या. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही आवाज लागतो.

पहिलं प्रकरण मी घाईघाईत वाचलं. त्या दिवशी एका लग्नाला जायचं होतं, कुमुद साडी नेसून तयार होती, आणि मी एका दमात पानं उलटत होतो. शेवटच्या परिच्छेदात तिची हाक आली, “अहो, रिक्षा आलीय!” तीही त्यात गेली. पुन्हा वाचायला वेळ नव्हता. निलोफरने दाखवल्याप्रमाणे फाईल निवडली, ‘पाठवा’ दाबलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली आणि निरोप आला: ‘धन्यवाद. आपले ध्वनिमुद्रण मिळाले.’

लग्नात जेवताना मला त्या वाचनाची लाज वाटत होती. ठरवलं, दुसरं प्रकरण नीट वाचायचं.

ते नीट वाचलं. पाठवलं. पट्टी भरायला बराच वेळ लागला. मी समोर बसून होतो. पट्टी शेवटाला पोचली, जरा थांबली, आणि निरोप आला: ‘क्षमस्व. आपले ध्वनिमुद्रण स्वीकारता आले नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

इथे एक सांगायला हवं. तरुणपणी मी कथा लिहायचो. मासिकांना पाठवायचो, दिवाळी अंकांना पाठवायचो. सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडायचो, आणि त्याच पाकिटातून कथा परत यायची. वर छापील चिठ्ठी: ‘साभार परत’. परत आलेली कथा मी फाडून टाकायचो. नाकारलेलं घरात ठेवायचं नाही, हा माझा नियम होता. पुढे लिहिणं थांबलं, पाकिटंही थांबली. तो पडदा मात्र मला त्या छापील चिठ्ठीसारखाच दिसला.

सवयीने मी ती फाईल पुसून टाकली आणि पुन्हा वाचायला बसलो. जास्त सावकाश. शब्द न् शब्द सुटा. ज्येष्ठमधाची काडी चघळून, मध्ये पुरेसा श्वास घेऊन. पाठवलं. पट्टी शेवटपर्यंत भरली. क्षमस्व.

मला त्या पट्टीचाच फार त्रास व्हायचा. ती मध्येच अडली असती तर काही वाटलं नसतं. पण ती शेवटपर्यंत भरायची. पलीकडे बसून कुणीतरी पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं निमूट ऐकून घ्यायचं आणि मग मान हलवायचं, असं मला वाटे.

“निलोफरला फोन करा की,” कुमुद म्हणाली.

“काय विचारू? माझं वाचन का आवडलं नाही, असं?”

“हो. तेच विचारा.”

“तिला संकोच होईल.”

“तिला की तुम्हाला?”

मी गोधड्या आणल्या त्या यानंतर. वाटलं, बाहेरचे आवाज येत असतील, भाजीवाल्याची हाक, कुकरच्या शिट्ट्या. मग पंखा बंद केला. मग तिसरं प्रकरण आधी पाठवून पाहिलं. ते आणखी सावकाश वाचलं होतं. दर वेळी तेच. मध्ये एकदा नकाशांखालची दोन पानांची टीप कंटाळून भराभर वाचून पाठवली, तर ती लगेच गेली. ‘धन्यवाद’ आलं. दयेपोटी घेतली असेल, असं मी मनाला सांगितलं.

एप्रिल अर्धा उलटला. निलोफरचाही फोन नव्हता. तो येत नाही यातच मला उत्तर दिसत होतं.

“त्या पोरीची परीक्षा आली ना हो?” एका सकाळी कुमुद म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“आली. म्हणून ठरवलंय. पुस्तकच निलोफरला देऊन टाकतो. चांगला आवाज असेल तो वाचेल. माझ्या हौसेपायी तिचं नुकसान नको.”

“मी येऊ का बरोबर?” कुमुदने विचारलं.

“नको.”

रविवारी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलं आणि सांगलीच्या बसमध्ये बसलो. वाटेत एक वाक्य मनात घोळवत होतो: ‘निलोफर, हे काम माझ्या आवाक्यातलं नाही, तू दुसरं कुणी बघ.’ विश्रामबागपर्यंत ते चांगलं पाठ झालं होतं.

‘बोलकं पान’ची खोली शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर होती. जिना चढून गेलो तर आत निलोफर नव्हती. खिडकीशी एक मुलगी कानांत इअरफोन घालून बसली होती. पांढरी काठी खुर्चीच्या पाठीला टेकवलेली. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिने एका कानातला इअरफोन काढला.

“कोण आहे? ताई खाली चहा आणायला गेलीय.”

“मी... पुस्तक द्यायला आलो होतो.”

तिने दुसराही इअरफोन काढला. “ताम्हनकर सर?”

मी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणालो, “आपण कसं ओळखलंत?”

“आपण काय म्हणताय सर, मी सारिका! तुमचा आवाज मी रोज ऐकते. ‘रिक्षा आलीय’ म्हणतात त्या काकू ना?”

“ते चुकून गेलं. मी काढायला हवं होतं.”

“काढू नका हं. तिथं आलं की मला वाटतं, तुम्ही आता उठणार, चपला शोधणार. तुम्ही दोघं कुठं गेला होता?”

“लग्नाला.”

“जेवण काय होतं?”

“जिलबी,” मी म्हणालो. एका अनोळखी मुलीशी मी इतकं सहज बोलतोय याचं मलाच नवल वाटलं.

ती हसली. मग तिने पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझ्याच चालीत. “तुम्ही ‘तलाव’ म्हणायच्या आधी जरासं थांबता सर. पायरी उतरताना थांबतात तसं. आमच्या गावचा तलाव बाराही महिने कोरडाच, पण तुम्ही थांबलात की मला त्यात पाणी आहे असं वाटतं.” तिने आवाज खाली आणला. “पुढचं कधी देणार सर? शनिवारी पेपर आहे. एक प्रकरण आणि ती नकाशांची टीप, एवढंच झालंय. मी ताईच्या मागं लागले होते, पण ती म्हणाली, सरांना त्रास देऊ नको, तब्येत बरी नसेल.”

“मी पाठवलं होतं.”

“कधी?”

“किती तरी वेळा. पण नाकारलं गेलं.”

“कुणी नाकारलं?”

“मला वाटलं, ऐकणाऱ्यांनी,” मी म्हणालो. “म्हणजे तू.”

“मी?” ती खुर्चीतून अर्धी उठलीच. “सर, मी कशाला नाकारीन? माझ्याकडं दुसरं आहे काय?”

तेवढ्यात निलोफर चहाची किटली घेऊन वर आली. मला बघून तिचा चेहरा उजळला, आणि सारिकाने एका दमात सगळं सांगितल्यावर उतरला. किटली तिथेच ठेवून ती संगणकापुढे बसली.

“सर, तुमची फाईल केवढी होती?”

“केवढी म्हणजे? तासाभराची. नंतर नंतर जास्तच. मी सावकाश वाचत गेलो.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड केलं.

“सर, कुणी फाईल पाठवली की ती एकदम घरात येत नाही. आधी ओसरीवर थांबते. तिथं बघायचं असतं, खरंच आवाजाचीच फाईल आहे ना, दुसरंच काही सोंग घेऊन आलेलं नाही ना. मग तिला आपला नंबर द्यायचा आणि आत घ्यायचं.”

“आम्हीही नवं पुस्तक आधी वेगळ्या टेबलावर ठेवायचो,” मी म्हणालो. “कसर लागली नाही ना ते बघून मग दाखल क्रमांक.”

“तसंच. पण आमच्या सर्व्हरवर वजनाची एक मर्यादा आहे. त्याहून जड काही आलं तर तो ते दारातच टाकून देतो. माझ्यापर्यंत काही पोचतच नाही. मला वाटत होतं, ती टीप सोडली तर तुम्ही पुढचं पाठवलंच नाही. मी ती मर्यादा बघायलाच हवी होती सर. बाकीचे सगळे दहा-पंधरा मिनिटांचं पाठवतात, म्हणून कधी कळलंच नाही.”

“आणि तो निरोप?”

“तो मी लिहिलाय,” ती खाली बघत म्हणाली. “काहीही बिघडलं तरी तोच एक. वेगवेगळे लिहायचा कंटाळा केला.”

मी जरा वेळ हिशोब लावत राहिलो. “म्हणजे मी जितकं सावकाश वाचत गेलो...”

“तितकी फाईल मोठी होत गेली.”

सारिकाला हसू फुटलं. तिने ओढणी तोंडावर धरली, पण खांदे हलत होते. मग मलाही हसू आलं. निलोफर मात्र हसली नाही.

“सर,” ती म्हणाली, “तुम्हाला कुणी नाकारलं नाही. कुणी ऐकलंच नाही.”

खालच्या दुकानात कुणीतरी मशीन चालवून बघत होतं. मला ती तिकीट लावलेली पाकिटं आठवत होती. पण त्यातल्या कथा तरी कुणी वाचल्या होत्या का, ते आता कुणाला विचारणार?

“मी आत्ता मर्यादा वाढवते,” निलोफर म्हणाली. “तुम्ही घरी गेलात की सगळ्या फाइली पुन्हा पाठवा. रात्रीपर्यंत सारिकाला मिळतील.”

“नाहीत,” मी म्हणालो. “पुसून टाकल्या.”

“सगळ्या?”

“नाकारलेलं मी ठेवत नाही.”

निलोफरने डोळे मिटून घेतले. सारिकाचं हसू केव्हाच थांबलं होतं. तिने हात पुढे करून टेबलावर चाचपडलं, माझी पिशवी तिला सापडली, वर्तमानपत्राचा कागद करकरला.

“पुस्तक हे आहे ना?”

“हो.”

“मग वाचा की सर.”

“इथे?”

“इथं. मी बसलेय की.”

मी आयुष्यात कुणासमोर वाचलं नव्हतं. कॉलेजच्या समारंभात अहवाल वाचायची वेळ आली तर तो सहायकाकडे द्यायचो. घरात गोधडी लागायची, आणि दाराबाहेर फक्त कुमुद असायची. निलोफरने काही न बोलता माइक माझ्यापुढे ठेवला, आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून बसली. ते तिने मुद्दाम केलं, हे मला कळलं.

मी कागद सोडला. दुसरं प्रकरण काढलं. पहिलं वाक्य निघालं, पण फार हळू. सारिका ‘मोठ्याने’ म्हणाली नाही. तिने आपली खुर्ची उचलली आणि माझ्या खुर्चीला लागेल इतकी जवळ आणून ठेवली.

मग मी वाचत गेलो. बंधारे, मोऱ्या, पाण्याच्या पाळ्या, कुणी कुणाच्या शेताला आधी पाणी द्यायचं त्याचे तंटे. मी अडखळलो की ती म्हणायची, “थांबू नका सर, कळतंय मला.” चहावर साय आली. मध्येच तिने विचारलं, “हे पाणी वरून खाली कसं नेलं?” मी तिचा हात धरून टेबलावर उतार दाखवला. नंतर लक्षात आलं, तिचं ते विचारणं आणि माझं ते सांगणंही फाईलमध्ये गेलंय. या वेळी मी पहिल्यापासून सुरुवात केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुमुद डबा घेऊन बरोबर येऊ लागली. निलोफर सकाळी नोकरीवर जाताना किल्ली खाली दुकानात ठेवायची. कुमुद कोपऱ्यात बसून मेथी निवडायची आणि मी चुकीच्या जागी थांबलो की घसा खाकरायची. एका दुपारी माझा आवाज अगदीच बसला, तेव्हा तिने दोन पानं वाचली. खालचा दुकानदार वर आला आणि म्हणाला, “काय भांडणबिंडण नाही ना?”

शुक्रवारी संध्याकाळी पुस्तक संपलं. शनिवारी सारिकाने पेपर दिला. निघताना म्हणाली, “सर, सुट्टीत अभ्यासाचं नको, एखादी कादंबरी वाचा.” निकाल लागला त्या दिवशी जतहून फोन आला. आनंदाने तिच्या वडिलांना नीट बोलता येत नव्हतं, आणि मलाही. दोन्हीकडून बराच वेळ नुसतं “हो, हो” चाललं होतं. शेवटी कुमुदने फोन काढून घेतला.

सांगलीतल्या त्या पहिल्या रविवारी मी निघालो तेव्हा निलोफर म्हणाली होती, “सर, तो निरोप बदलायचाय. तुम्ही लिहून द्या.”

मी त्यावर अख्खा आठवडा खर्च केला. खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी भीत भीत कागद तिच्या हातात दिला. तिने तो सारिकाला वाचून दाखवला:

‘आपली फाईल आमच्या जागेपेक्षा मोठी झाली, म्हणून आत येऊ शकली नाही. ती अजून कुणी ऐकलेली नाही. आपल्या वाचनात काही दोष नाही. कृपया ती जपून ठेवा आणि तिचे दोन भाग करून पाठवा. आम्ही वाट पाहत आहोत.’

“जरा लांबलंय का?” मी विचारलं. “वाटलं तर कमी करतो.”

“एक शब्द कमी करायचा नाही,” सारिका म्हणाली.

तो मजकूर तसाच तिथे आहे. सारिका आता जतच्या बाजूलाच एका कॉलेजात इतिहास शिकवते. वेबसाइट दोनदा नव्याने झाली, पण निलोफरने तेवढ्या ओळींना हात लावू दिला नाही. छापून आलेलं म्हणावं असं माझं एवढंच लेखन. आता मर्यादा इतकी वाढली आहे की तो निरोप सहसा कुणाला दिसत नाही. म्हणून मी अधूनमधून जुन्या वाचनाच्या चार-पाच फाइली जोडून एक अवाढव्य फाईल करतो आणि पाठवून देतो. हिरवी पट्टी भरत राहते. मी समोर बसून असतो.

कुमुदला हे ठाऊक आहे. स्वयंपाकघरातून तिची हाक येते, “आलं का साभार परत?”

“आलं.”

“मग वाचा बघू. मोठ्याने.”

मी वाचतो. मध्ये कुकरची शिट्टी होते, तरी थांबत नाही.